वहीतल्या रेघा

डॉक्टरीणबाईंनी वही पुढे केली तेव्हा धाकटीला वाटलं, बाई चुकल्या. वही शिकलेल्या माणसाला द्यायची असते. तिनं ती मुकाट्यानं शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर सरकवली.

"त्यांना नको, तुम्हाला दिलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आई तुम्हीच ना? मुलगी दिवसभर कोणाजवळ असते?"

"माझ्याजवळ. मी कामावर असले की आत्याबाईंजवळ, म्हणजे सासूबाईंजवळ."

"मग झालं तर. एक पान म्हणजे एक दिवस. झटका आला की एक रेघ मारायची. लिहायला येत नाही म्हणालात, रेघ तर मारता येते?"

रेघ मारता येते का! अहो, मिठागरावर जन्म गेला तिचा. टोपली वाहून राशीवर ओतली की मुकादमाच्या फळीवर खडूची रेघ ओढायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. धाकटी हे सात वर्षांची असल्यापासून करत आली होती. आणि मिठागरावरची रेघ कशी असते तेही तिला पक्कं ठाऊक होतं. टोपल्या अठ्ठावीस झाल्या तर रेघा तीस मारायच्या, म्हणजे मुकादम गप्प बसतो. मुकादमालाही ते माहीत असतं. तोही वर सांगताना आपल्या पदरच्या दोन घालतो. कोणाचं काही अडत नाही आणि दिवस पार पडतो.

साळू तिच्या मांडीवर आडवी होती. चार वर्षांची पोर, पण वजनानं दीड वर्षाची. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, मुठी आवळलेल्या. बोलणं नाहीच, साळुंकीसारखा एक किरकिरा आवाज तेवढा काढायची, म्हणून साळू. दिवसातून आठ-दहा वेळा डोळे वर जायचे, अंग ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा.

"जन्मताना हिच्या मेंदूला इजा झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती काही पुसता येणार नाही. खोटी आशा मी लावत नाही. पण झटके आवरले तर ही शिकेल. बसेल. कदाचित धरून उभी राहील. औषध मी देणार, पण ते कमी करायचं की वाढवायचं की बदलायचं, ते तुमची वही सांगणार. आपण दोघींनी मिळून करायचं हे. कळलं का, आई?"

त्या दवाखान्यात सगळ्याच बायांना 'आई' म्हणायचे. पण धाकटीच्या अंगावर काटा आला. एवढी शिकलेली बाई म्हणते, आपण दोघींनी मिळून! तिनं वही पदराखाली घेतली ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

परत येताना मिठाच्या ट्रकमध्ये मागे बसून नवरा म्हणाला, "पाऊस लागेपर्यंत जाऊ. तोवर फरक पडला तर ठीक. नाहीतर दवाखाना बंद. मी काही लोखंडाचा नाही."

माणूस वाईट नव्हता हो. पण मीठ कोणासाठी थांबत नाही. वाफ्यातलं पाणी आटत आलं की रोज लाकडी फळी फिरवून मीठ ओढावं लागतं. एक दिवस हयगय झाली की खाली दगडासारखा थर धरतो, मग तो फोडता फोडता कंबर मोडते. आणि काम जोडीचं. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं भरून वाहायचं. महिन्यातला एक मंगळवार दवाखान्यात गेला की पुढचे तीन दिवस नवरा-बायको थर फोडत. त्याच्या टाचांना एवढ्या भेगा की बोट आत जाईल, आणि प्रत्येक भेगेत खारं पाणी. संध्याकाळी पाय धुताना तो दातांवर दात धरून बसायचा, तेव्हा त्याच्याशी कोणी बोलायचं नाही.

पहिला महिना धाकटीनं अगदी इमानानं रेघा मारल्या. वाफ्याच्या बांधावर चार बांबूंवर फाटकी ताडपत्री टाकलेली असे. तिच्या सावलीत सासू साळूला घेऊन बसायची. मिठाच्या चकाकीनं म्हातारीचे डोळे गेल्यात जमा होते, पण हात शाबूत होते. साळूच्या पाठीवर तिचा हात कायम. झटका आला की म्हातारी "आलाऽ" म्हणून ओरडायची, धाकटी डोक्यावरची टोपली टाकून धावायची, पोरीला कुशीवर वळवायची, तोंड पुसायची, आणि ओला हात लुगड्याला पुसून रेघ मारायची. नऊ, अकरा, आठ, बारा. सकाळ-संध्याकाळ दोन औषधं आणि व्यायामही चालू. दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंनी शिकवलं होतं तसं पोतं गुंडाळून गुडघ्यांखाली द्यायचं, पाय हळूहळू फाकवायचे. साळू किंचाळायची. धाकटी रडत रडत पाय फाकवायची.

दुसऱ्या मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत असताना नवऱ्यानं वही मागितली. त्याला आकडे येत. त्यानं पानं उलटली.

"नऊ... अकरा... बारा. पहिल्या दिवशी नऊ आणि काल बारा. ह्याला फरक म्हणतात होय? अगं, हे तर वाढलंय."

"औषध लागू पडायला वेळ लागतो म्हणे."

"पाऊस काही वेळ लावणार नाही," तो म्हणाला आणि वही तिच्याकडे टाकली.

आत डॉक्टरीणबाईंनी वही नीट बघितली, औषध थोडं वाढवलं, आणि म्हणाल्या, "छान ठेवलीय वही. अशीच ठेवा." पण धाकटीच्या कानात नवऱ्याचंच बोलणं घुमत होतं. पाऊस लागेपर्यंत! पोरीच्या सगळ्या जन्माचा निकाल चार-पाच महिन्यांत, आणि तोही ह्या रेघांवर.

त्या आठवड्यात एके दिवशी साळूला दहा झटके आले. संध्याकाळी धाकटी वही घेऊन बसली. सात रेघा झाल्या आणि पेन्सिल थांबली. समोर नवरा पाय धूत होता. तिनं वही मिटली.

सासूनं विचारलं, "किती मांडलेस गं?"

"सात."

म्हातारीच्या हाताला दहाही झटके कळले होते. ती नुसतं "हं" म्हणाली आणि साळूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघींनी न बोलता ठरवून टाकलं.

पुढे सवय लागली. सात, सात, सहा. मध्येच एखादा दिवस आठ, म्हणजे खरं वाटावं. अगदी बेताबेतानं उतरवलं तिनं. नवरा संध्याकाळी वही चाळायचा आणि काही बोलायचा नाही, पण एकदा त्यानं आपणहून साळूला मांडीवर घेतलं. मग जुन्या फळ्यांची, मागे टेकू असलेली एक बैठक ठोकून दिली. तिच्यात पोतं घालून साळूला टेकवून बसवायची. महिनाभर ती कलंडत होती. आणि एक दिवस, टेकू सोडून, दोन्ही हात पुढे रोवून, साळू बसली. म्हातारी हातानं चाचपून बघते तर पाठ टेकूपासून चार बोटं लांब. "अगं बसली गं! ही बया बसली!" म्हातारी ओरडली, आणि धाकटी टोपलीसकट मटकन खाली बसली. हे मात्र खोटं नव्हतं. सगळ्या मिठागरानं पाहिलं. नवरा मुकादमाला सांगायला गेला तर मुकादम म्हणाला, "चार वर्षांची बसली, त्याचं कौतुक? माझ्या म्हशीचं रेडकू पहिल्या दिवशी उभं राहतं." आजूबाजूचे हसले. नवराही कसानुसा हसला. मग दिवसभर तो फळी अशी ओढत होता की बांधावर पाणी उडत होतं.

चौथ्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी साळूला टेबलावर बसवलं. साळू बसली! बाईंनी टाळी वाजवली. मग वही उघडली. शेवटच्या पानांवर दोन-दोन, तीन-तीन रेघा.

"अहो, हे तर फारच छान. बारावरून दोनवर! शाबास, आई. तुमच्यासारखं मन लावून करणाऱ्या मला फार थोड्या भेटतात."

धाकटीला आयुष्यात कोणी शाबास म्हटलं नव्हतं. माहेरी पाच बहिणींत ती शेवटची, म्हणून नावच धाकटी पडलेलं, तिथे जेवायला ताट मिळालं हेच खूप. तिनं मान खाली घातली. तिचे कान तापले.

"आता असं करू," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "दोन औषधांपैकी हे एक फार गुंगी आणतं. झटके इतके उतरलेत तर हे हळूहळू कमी करून बंद करू. म्हणजे ही आणखी जागी राहील, आणखी शिकेल. चालेल ना?"

नवरा शेजारीच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. लग्नानंतर इतकं मोकळं हसू तिनं पाहिलं नव्हतं. बोलावं का? बाई, थांबा, कालही नऊ आले होते. एवढंच तर म्हणायचं. पण मग शाबास परत जाणार, नवऱ्याचं हसू जाणार, आणि पाऊस तर तीन आठवड्यांवर आलेला. आणि मनाचा एक कोपरा म्हणाला, बाई शिकलेल्या आहेत. औषध कमी करतात म्हणजे पोर बरी असल्याशिवाय का करतील?

बघा, कशी गत होते माणसाची. आपणच सांगितलेलं खोटं डॉक्टरच्या तोंडून परत ऐकलं, तर तिला ते खरं वाटलं.

"चालेल," ती म्हणाली.

पहिले दहा दिवस काही झालं नाही. साळू खरंच जास्त जागी राहू लागली. धाकटी मनात म्हणाली, बरं झालं बोलले नाही.

अकराव्या दिवशी आभाळ भरून आलं. वेळेआधीच. मिठागरावर एकच पळापळ झाली. वाफ्यात आणि उघड्या राशींवर महिन्याचं मीठ पडलेलं, पाऊस आला की सगळं पाणी. नवरा ओढत होता, धाकटी वाहत होती, डोक्यावरून खारं पाणी गळून डोळ्यांत जात होतं. दुपारपासून म्हातारी "आलाऽ" म्हणून ओरडत होती. पहिल्यांदा धाकटी धावली. दुसऱ्यांदा धावली. तिसऱ्यांदा नवरा ओरडला, "आईकडे आहे ना ती! ही रास झाकू दे आधी!" म्हणून तिनं ती एक टोपली राशीवर ओतली, आणि मग धावली.

साळू ताठ होती. सैल पडेना. कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, हाक मारली. ओठ निळे पडले होते. एक झटका ओसरायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा. म्हातारी तिच्या पाठीवर हात ठेवून "थांब गं, थांब गं बाई" म्हणत होती. धाकटीनं किंकाळी फोडली तेव्हा नवरा हातातली फळी टाकून आला. मीठ तसंच राहिलं. ट्रकवाल्यानं अर्धा भरलेला ट्रक तसाच रस्त्याला घातला. दवाखान्यापर्यंत चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं पोरगी मांडीवर थडथडत होती आणि वर पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते.

नळ्या लावल्या, सुया टोचल्या. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना टेबलासमोर बसवलं. वही उघडी होती.

"माझ्या काही लक्षात येत नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे जागून लाल झाले होते. "दोनच झटके येणाऱ्या मुलीचं औषध इतकं हळू कमी केलं तर असं व्हायला नको. माझंच काही चुकलं का, तेच मी बघतेय. तीन दिवस मी हेच बघतेय."

ते काही धाकटीला सहन झालं नाही. बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर ती गप्प बसली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिला नवा नव्हता. पण बाई स्वतःलाच दोष देत होत्या.

"तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. "रेघा खोट्या आहेत."

"कुठपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"मग खरे किती होते?"

"नऊ. दहा. कधी बारा. कमी झालेच नव्हते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आई, ही मुलगी महिन्यातून पंधरा मिनिटं माझ्यासमोर असते. बाकीचा महिना मी तुमच्या डोळ्यांनी बघत होते. नऊ-दहा येत होते तर ही औषधं तिला लागूच पडत नव्हती. मी तेव्हाच बदलली असती. आणखी दोन-तीन औषधं होती हातात." त्यांनी वही बंद केली. "आहेत अजून. पण ह्या झटक्यांनी मेंदूचं आणखी काय गेलं, ते आता सांगता येणार नाही."

नवरा उठून बाहेर गेला. धाकटी बाहेर आली तेव्हा तो नळाखाली पाय धरून बसला होता. पायांना मीठ नव्हतं, चिखल नव्हता, तरी धूत होता.

"माझ्या धाकानं मारल्यास त्या रेघा?" त्यानं वर न बघता विचारलं.

"तुम्ही म्हणालात, पाऊस लागला की बंद."

"अगं, थकला की बोलतो माणूस." त्यानं टाच घासली. "बंद करणार होतो का मी? रोज संध्याकाळी वही बघायचो. तेवढाच दिवसातला विसावा होता मला." तो रडत होता. धाकटीला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण कोणत्या तोंडानं ठेवणार?

साळू घरी आली. बसत नव्हती. फळ्यांच्या बैठकीत घातली की पोत्यासारखी एका अंगावर ढासळायची. साळुंकीचा तो आवाजही गेला. डोळे उघडे असायचे, पण ते कोणाच्या तोंडावर ठरत नसत. म्हातारी, नवरा, धाकटी, सगळ्यांच्या आरपार जात. मिठाची हंगामातली शेवटची रास पावसात वाहून गेली होती. मुकादमानं त्याबद्दल चारचौघांत नवऱ्याला नको नको ते ऐकवलं, आणि नवऱ्यानं खालमानेनं ऐकून घेतलं. आता कामही फुटके बांध लिंपण्याचं, गुडघाभर चिखलात.

म्हातारी एकदाच बोलली. "पोरी, मला माहीत होतं. मी 'हं' म्हणाले. माझाही हात त्यात आहे." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. जेवणही जेमतेम करायची.

नवं औषध सुरू झालं, नवी वही मिळाली. धाकटी आता झटका आला रे आला की तिथल्या तिथे रेघ मारायची, हात चिखलाचा असला तरी. पानं डागाळली. तेरा, चौदा, तेरा. झोपेत साळूचा ओठ हलला तरी ती उठून बसायची आणि विचार करायची, हा धरायचा की नाही. लपवण्याची तिला आता इतकी धास्ती होती की एखादी रेघ जास्तच पडत असेल.

मंगळवार आला. पाऊस लागला होता, तरी नवरा न सांगता आंघोळ करून तयार झाला. त्या सकाळी तो टेम्पो बघायला गेला असताना धाकटी साळूला दूध पाजत होती. चमच्यानं थेंब थेंब. आणि पाजता पाजता साळूची नजर छपरावरून खाली आली, धाकटीच्या तोंडावर आली आणि ठरली. एक, दोन, तीन श्वास. धाकटी हललीसुद्धा नाही. मग डोळे पुन्हा निसटले. म्हातारी कोपऱ्यात झोपली होती. धाकटीला इतका आनंद झाला की टेम्पोत तिला बोलवेना. म्हटलं, आधी बाईंना सांगू.

डॉक्टरीणबाईंनी वही घेतली. पानं उलटली. आवाज पूर्वीसारखाच मऊ होता.

"तेरा, चौदा. हे बरोबर आहे ना?"

"हो."

त्यांनी मान हलवली, आणि नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. बरोबर आहे का?"

नवरा गोंधळला. "मी दिवसभर बांधावर असतो, बाई. हिलाच माहीत."

"आता एक करा. रोज संध्याकाळी तुम्हीही बघून खाली सही करत जा. राग मानू नका, आई. मला औषध चुकवायचं नाहीये."

"राग नाही," धाकटी म्हणाली. राग कशाचा? बाईंचं बरोबरच होतं. मग तिनं धीर केला. "बाई, आज सकाळी हिनं माझ्याकडं बघितलं. दूध पाजताना. माझ्या तोंडाकडं, चांगलं तीन श्वास."

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते हललं नाही. त्यांनी बॅटरी घेतली, साळूच्या डोळ्यांसमोर इकडून तिकडे नेली. साळूचे डोळे छताकडेच राहिले. त्यांनी टिचकी वाजवली, नावानं हाक मारली. नाही.

"तुम्ही पाहिलंत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं धाकटीकडे बघितलं. तिचे डोळे त्याच्यावरच होते. एक शब्द, बस. हो म्हणा ना. पण तो आता खोटं बोलायला धजत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "मी टेम्पो बघायला गेलो होतो."

"आणि आजी?"

"झोपल्या होत्या," धाकटी म्हणाली.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिच्या हातावर त्यांनी हात ठेवला, मायेनंच ठेवला. "पुढच्या वेळी बघू हं." आणि त्यांनी कागदावर औषध लिहिलं, आकडे लिहिले, तारीख लिहिली. सकाळचं लिहिलं नाही.

परतीच्या टेम्पोत धाकटी साळूच्या तोंडाशी तोंड नेऊन बसली होती. साळूचे डोळे तिच्या कानाजवळून मागे कुठेतरी लागलेले. धाकटीनं मान इकडे केली, तिकडे केली, त्या नजरेच्या वाटेत यायला बघितलं. सकाळची ती घडी तिनं मनात पुन्हा आणली. चमचा असा होता, छप्पर गळत होतं, डोळे खाली आले. आले ना? की तीच वाकली होती, पोरीच्या नजरेच्या वाटेत जाऊन? तिनं पुन्हा आठवलं, आणि आणखी एकदा. टेम्पो मिठागराच्या बांधावर लागला तोवर यातलं खरं काय, ते तिलाही सांगता येत नव्हतं.